निजलेल्या बाळांच्या वह्या

लावणीचे दिवस आले की पुण्याहून मुळशीकडे जाणारी माणसं खाचरं बघतात. मी बांध बघते. परवा एका जुन्या सहकाऱ्याकडच्या बारशाला पौडला निघाले होते. पिरंगुट मागे पडलं आणि बसमधले शेजारचे गृहस्थ खिडकीच्या काचेवरचं पाणी पुसत म्हणाले, काय हिरवंगार आहे हो, डोळे निवले. मी नुसतं हं म्हटलं. माझी नजर चिखलात वाकलेल्या बायकांवरून सरकत बांधावर गेली होती. तिथे पानांचं एक इरलं उपडं ठेवलेलं होतं. पाऊस पडत असताना जे डोक्यावर असायचं ते इरलं बांधावर कशाला, हा प्रश्न त्या गृहस्थांना पडला नाही. नऊ वर्षांपूर्वी मलाही पडला नव्हता. आता पडत नाही, कारण उत्तर माहीत आहे. त्याच्याखाली एक मूल निजलेलं असतं.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि मला सगळं माहीत होतं. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून बालमानसशास्त्रात बक्षीस मिळवून मी बाहेर पडले होते. राज्य अजून मुंबईचंच होतं, आणि मुळशी तालुक्यात नव्याने निघालेल्या एका हायस्कुलाला शिकवायला बाई हवी होती. या नोकरीवरून सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी आठवडाभर अबोला झाला. तरी मी गेले. बरोबर एक वळकटी, एक स्टोव्ह आणि ट्रेसिंगच्या कापडावर मी स्वतः काढलेला एक तक्ता. जन्मल्यापासून तीन वर्षांपर्यंत मूल कोणत्या महिन्यात काय करतं, त्या वेळी त्याला काय हवं असतं आणि घराने ते कसं द्यायचं, असे तीन रकाने. वर लाल शाईत शीर्षक, खाली वेलबुट्टी. पोस्टमास्तरांच्या घरामागच्या खोलीत राहायला गेले त्या दिवशी कपडे लावायच्या आधी मी तो तक्ता भिंतीला टांगून लांबून पाहिला. इतकी मी त्याच्या प्रेमात होते.

गृहशास्त्र हा विषय खरं म्हणजे मुलींचा. आठवीत मुली पाच आणि मुलगे तेवीस. त्या तासाला मुलग्यांना घ्यायला कुणी नव्हतं, तेव्हा हेडमास्तर म्हणाले, बसू द्या त्यांनाही, मोकळे सोडले तर ओढ्यावर जातील. अशी मी अठ्ठावीस पोरांना माणसाचं मूल कसं वाढतं ते शिकवायला उभी राहिले. पहिल्याच तासाला दगडू नावाच्या एका उंच मुलाने अगदी सरळपणे विचारलं की पोर वाढवायला शाळा कशाला लागते. वर्ग हसला. मला राग आला, आणि राग आला की मला बोलायला सुचतं, त्यामुळे पाऊण तास मी बोलले. मूल आपोआप वाढत नाही, घरातली माणसं ते वाढवतात. त्याला नुसतं दूध पुरत नाही, बघायला चेहरे लागतात, धरायला वस्तू लागतात, ऐकायला बोलणं लागतं. तान्ह्या बाळाशीसुद्धा बोलायचं असतं, असं मी म्हटल्यावर मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं.

भागी हसली नाही. हजेरीपटात ती भागीरथी होती, बाकी सगळीकडे भागी. चौदा वर्षांची, तीन मैलांवरच्या वस्तीतून दोन ओढे ओलांडून यायची, आणि सातवीला पहिली आली होती. वर्गात आणून टांगलेल्या तक्त्यातला शब्दन् शब्द ती उतरवून घ्यायची. कुणाला भावंडं किती, असं मी एकदा सगळ्यांना विचारलं, तेव्हा ती म्हणाली, दोघं होती ती गेली, आता नाम्या आहे. म्हणजे नामदेव, तिचा सव्वा वर्षाचा भाऊ. उत्तर देताना तिचा आवाज जराही बदलला नाही. पुढच्या मुलाचं उत्तर तसंच, त्याच्या पुढच्याचंही तसंच. अमुक गेली, अमुक आहेत. घरातली भांडी सांगावीत त्या सुरात ती मुलं मेलेली भावंडं सांगत होती आणि मी खडू हातात धरून नुसती ऐकत होते. तो माझा पहिला धक्का. पुढच्या मानाने तो काहीच नव्हता.

आषाढात लावणीची पंधरा दिवस सुट्टी असायची. हेडमास्तर म्हणायचे, आता शाळेत आपण आणि बेडूक. सुट्टीला जाण्याआधी मी मुलांना काम दिलं. घरातलं नाहीतर शेजारचं एक लहान मूल निवडायचं, रोज त्याच्याकडे लक्ष ठेवायचं आणि वहीत लिहायचं. सकाळी काय करतं, दुपारी काय करतं, हाताने काय धरतं, तोंडाने काय आवाज काढतं, कुणाकडे बघून हसतं. रकाने मीच आखून दिले. शास्त्र पुस्तकात नसतं, आपल्या घरात असतं, असंही एक वाक्य मी टाळ्या मिळाव्यात अशा बेताने म्हटलं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, पण भागीने ते वाक्य लिहून घेतलं.

ते पंधरा दिवस मला अजून अंगावर आठवतात. कपडे वाळत नसत, चादरीला पिठासारखी बुरशी धरे, आगपेटीची काडी दहा वेळा घासावी तेव्हा पेट घेई. गाव रिकामं असायचं. दुपारी मी छत्री घेऊन खाचरांच्या कडेने हिंडायला जायची. चिखलाला एक गार, आंबूस वास असतो, तो पदराला बसायचा. गुडघाभर गाऱ्यात बायकांची रांग पाठमोरी सरकत असायची, हात पाण्यात जाताना दिसायचे आणि मागे हिरव्या रोपांची ओळ उभी राहिलेली असायची. बांधावर इरली उपडी ठेवलेली असत. एकदा तर मी त्यांतल्या एकाला वळसा घालून गेले, पाय लागू नये म्हणून. मनात आलं, किती शांतता आहे इथे. पुण्यात आमच्या वाड्यात दोन मुलं असली तरी दुपारभर रडारड, आणि इथे एवढ्या बायका, पण एका मुलाचा आवाज नाही. हे मी खोलीवर येऊन आईला पत्रात कौतुकाने लिहिलंसुद्धा. ते पत्र तिने जपून ठेवलं आहे, आणि मी ते पुन्हा वाचत नाही.

सुट्टी संपली. लावणी संपलेली नव्हती, पण निम्मी मुलं परत आली. वह्या गोळा करून मी रात्रीचा स्वयंपाक उरकला आणि मोठ्या हौसेने वाचायला बसले. पहिल्या वहीत होतं: सकाळी निजते. दुपारी निजते. हाताने काही धरत नाही. दिवे लागल्यावर उठते. दूध पिते. मी शेरा दिला, निरीक्षण अपुरे. दुसऱ्या वहीत तेच. तिसऱ्या वहीत तेच, फक्त मुलगी होती तिथे मुलगा. अकरा वह्या तशा निघाल्या. पाच महिन्यांचं मूलही दिवसभर निजत होतं आणि पावणेदोन वर्षांचंही. भागीच्या वहीत एवढंच जास्त होतं की नाम्या दिवे लागल्यावर उठला तरी खूप वेळ नुसता आढ्याकडे बघतो. मला एकदम उलगडा झाला. पोरांनी सरळ एकमेकांचं उतरवलं होतं. एकाने आळसाने काहीतरी खरडलं आणि दहा जणांनी ते घेतलं, आणि त्यात भागीही.

दुसऱ्या दिवशी मी त्या अकरा जणांना उभं केलं आणि प्रत्येकाच्या हातावर दोन-दोन पट्ट्या मारल्या. हे सांगताना मला बरं वाटत नाही, पण सांगायला हवं. भागीची पाळी आली तेव्हा तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "बाई, म्या बघून लिव्हलंय." मी म्हटलं, सव्वा वर्षाचं मूल दिवसभर निजत नाही, माझ्या तक्त्यात बघ. आणि मारलं. ती रडली नाही. तक्त्याकडे बघत राहिली, जणू चूक तिच्या भावाचीच असावी.

मग दगडू बोलला. त्याच्या हातावर वळ होते, पण त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. येड्या माणसाला समजावतात तसं त्याने मला समजावलं. "बाई, बाळगोळी दिल्यावर पोरगं निजनारच की. लावनीत समदीच देत्यात."

मी विचारलं, कसली गोळी. मुलांनी एकेक करून दिलेली उत्तरं सगळी मिळून मला अशी समजली: बाजारात मिळते, मोहरीएवढी, काळी. तिच्यात थोडी अफू असते. सकाळी आईच्या दुधात उगाळून चाटवायची, मूल टोपलीत ठेवायचं, टोपली बांधावर, वर इरलं. संध्याकाळपर्यंत काळजी नाही. हे सगळं ती मुलं अगदी सहज सांगत होती. डोळ्यांपुढे बांधच्या बांध आले. मी वळसा घालून गेले होते ते इरलं आलं. त्या शांततेचं मी कौतुक केलं होतं. मला आठवतं, त्या वेळी मी पहिली गोष्ट काय केली असेल तर हातातली पट्टी टेबलाच्या खणात टाकून खण बंद केला.

त्यांनाही धक्का बसला होता, पण वेगळा. एका मुलीने विचारलं, पुण्याकडे देत नाहीत का. मी म्हटलं, नाही. मग पुण्याची बाळं दिवसभर जागी असतात का. हो म्हटलं. वर्गात सगळे एकमेकांकडे बघायला लागले. दगडूने सगळ्यांच्या मनातलं विचारलं, "मंग त्यांच्या आया कामं कवा करत्यात?"  माझ्या तक्त्यामागचे वाढीच्या अवस्थांचे सिद्धांत ज्यांनी मांडले त्यांच्याकडे बहुधा भात लावत नसावेत, किंवा लावत असले तरी ते लावणाऱ्या बायकांना कुणी विचारलं नसावं. पण हे आज सुचतं. त्या दिवशी मी घाबरले होते, आणि घाबरलेली मास्तरीण जे करते तेच मी केलं. आवाज चढवला.

मी त्यांना सांगितलं की हे विष आहे. सांगितलं की मूल याने दगावू शकतं. तेवढं खरं होतं आणि तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी पुढे म्हणाले की पहिल्या दोन वर्षांत मूल जे शिकायचं राहतं ते पुढे कधीही भरून येत नाही. तो काळ एकदा गेला की गेला. असं ठामपणे कुठल्या पुस्तकात होतं, हे मला आज विचाराल तर सांगता येणार नाही. त्या क्षणी मला ते जोरकस वाटलं. भागी पुढच्या बाकावर होती. तिने ते लिहून घेतलं नाही, नुसतं ऐकलं.

चार दिवसांनी ती यायची थांबली. पहिल्यांदा वाटलं पाऊस. मग आठवडा झाला. दगडू तिच्याच वस्तीतला, त्याला विचारलं तेव्हा कळलं की भागीने घरातल्या गोळ्या चुलीत टाकल्या. आईने थोबाडलं तरी कबूल होईना, म्हणे बाईंनी सांगितलंय नाम्याचा काळ चाललाय. दुसऱ्या दिवशी नाम्याला तसंच बांधावर नेलं. तो ओरडला तो सकाळपासून ओरडला, हात-पाय झाडले, हगवण लागली. सवयीचं मूल एकदम तोडलं की असं होतं, हे मला पुढे एका डॉक्टरांनी सांगितलं. माझ्या तक्त्यात ते नव्हतं. लावणी सावडीने चाललेली, म्हणजे आज सगळ्यांनी मिळून एकीच्या खाचरात, उद्या दुसरीच्या. त्यात भागीची आई तीनदा रांग सोडून बांधावर गेली. अशी रांग तीनदा सोडणाऱ्या बाईच्या खाचरात उद्या कोण येणार? संध्याकाळी तिने नाम्या भागीच्या अंगावर टाकला आणि सांगितलं, तुला तो जागा पाहिजे ना, मग तूच बस त्याला घेऊन. शाळा संपली.

रविवारची सकाळ धुण्यात गेली. सोमवारी शाळेआधी मी निघाले. पहिल्या ओढ्यात माझी चप्पल गेली, पुढचं अंतर अनवाणी. मनात मी भाषण जुळवत होते. अडाणी बाई असेल, तिला सोप्या शब्दांत समजावायचं, मुलाचा मेंदू कसा वाढतो, शाळा कशी महत्त्वाची, असं सगळं. खाचर सापडलं. पाच-सहा बायका होत्या, दगडूने सांगितल्याप्रमाणे कडेची ती भागीची आई. सडपातळ, वय माझ्याहून फार तर आठ-नऊ वर्षांनी जास्त. मी बांधावर छत्री धरून उभी राहिले आणि ती तशीच वाकून लावत राहिली.

"तुमीच त्या बाई व्हय," ती म्हणाली. वर पाहिलं नाही.

मी सुरुवात केली. गोळीत काय असतं, ती लहान जिवाला कशी बाधते. तिने मला दोन-तीन वाक्यं बोलू दिली. मग हातातली रोपांची मूठ तशीच धरून ती सरळ झाली.

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "भागीला दिली, ती साळंत पैली आली. तिच्या पाठच्याला दिली, त्यो हितंच, ह्याच बांधावर, उठलाच न्हाई. तुमी मला काय सांगताया?"

बाकीच्या बायकांनी काम थांबवलं नाही. त्यांना ते माहीत होतं. पाऊस छत्रीवर वाजत होता आणि माझे पाय ज्या बांधावर होते त्याच्याकडे बघायचा मला धीर होईना. अज्ञानाशी भांडायला म्हणून मी तीन मैल चालून आले होते. इथे अज्ञान नव्हतंच. या बाईला त्या गोळीचं जेवढं माहीत होतं तेवढं माझ्या कॉलेजातल्या कुणालाही माहीत नव्हतं. आणि ते माहीत असून ती रोज सकाळी ती उगाळत होती. मी आजवर घाबरले आहे, फसले आहे, माणसं गमावली आहेत, पण तशी सुन्न मी पुन्हा कधी झाले नाही. आणि तशात मी सगळ्यात मूर्ख प्रश्न विचारला. म्हटलं, मग तरीही नामदेवाला?

"मंग कुनाकडं ठिवू? तुमी घेता दिसभर?"

तिने टोमणा मारला नव्हता, खरंच विचारलं होतं, आणि उत्तरासाठी ती थांबलीही.  मला अकराला शाळा होती.

"आता भागी घेती," ती पुन्हा वाकत म्हणाली. "तुमाला पायजे हुतं तसं झालं न्हवं?"

मला आता दीड वर्षाचा मुलगा आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याचे दात येत होते आणि माझ्याकडे तपासायला बोर्डाचे पेपर होते. चार दिवस तो किरकिरत होता, मांडीवर घेतलं तर पेन ओढायचा, खाली ठेवलं तर गळा काढायचा. पेपर परत करायची तारीख अंगावर आली होती. त्याला तेल लावायला येणारी बाई मूळची मावळातलीच. तिने माझी दशा पाहिली आणि कनवटीची पुरचुंडी सोडून एक काळी गोळी माझ्या हातावर ठेवली. म्हणाली, जराशी द्या, निजेल गप. मी ती फेकून दिली, असं लिहायला मला आवडलं असतं. मी ती तळहातावर धरून बसून राहिले. मुलाकडे पाहिलं, पेपरांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा गोळीकडे पाहिलं. एका दुपारीने काय होतंय, असं मला वाटलं. मला, जिने अकरा पोरांना मारलं होतं आणि सगळ्या वर्गाला विषावर व्याख्यान दिलं होतं. तेवढ्यात सासूबाई आतून आल्या आणि मुलाला उचलून गॅलरीत घेऊन गेल्या. गोळी मी मोरीत टाकली. हात साबणाने दोनदा धुतला तरी दिवसभर मला तो घाण वाटत राहिला. मला अडवलं ते कुठल्या सिद्धांताने नाही. मला सासूबाई होत्या. भागीच्या आईला भागी होती.

हेडमास्तर माणूस चांगला होता. त्या सोमवारी बांधावरून परत आल्यावर मी रडवेली होऊन सगळं सांगितलं तेव्हा म्हणाले, भागीला भावाला घेऊन बसू दे वर्गात, काय बिघडतं. मला केवढा आनंद झाला. निरोप पाठवला. उलट निरोप आला की ओढ्याला पाणी असताना पोरगं घेऊन पोरगी पाठवायची का. खरं होतं, त्याच ओढ्यात माझी चप्पल गेली होती. श्रावणात लावणी आटपली तर बेणणी, म्हणजे खाचरातलं तण काढणं, लागली. गोळी एकदा तुटली ती आईने पुन्हा घरात आणली नाही, एवढं दगडूकडून कळायचं, आणि ते ऐकून मला बरं वाटायचं आणि लगेच बरं वाटल्याची लाज वाटायची. दसऱ्यापर्यंत ओढे उतरले, पण तोवर स्वयंपाक, पाणी, गुरं हेही सगळं भागीकडे गेलं होतं. सहामाही परीक्षा झाली. हेडमास्तरांनी ओढता येईल तेवढं ओढलं आणि दिवाळीला तिचं नाव हजेरीपटावरून कमी केलं. तक्ता अजून वर्गात होता. मी तो त्याच दिवशी उतरवला, गुंडाळला आणि पुन्हा कुठल्या वर्गात लावला नाही.

कार्तिकात मी पुन्हा वस्तीवर गेले. सगळीकडे आंबेमोहोराचा वास भरून राहिला होता, कापणी चालू होती, आणि ओढ्यात मुलं खेकडे शोधत होती. तो रस्ता इतका सुंदर आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. भागीची आई अंगणात भारे उतरवत होती. या वेळी तिने बसायला पाट दिला, गुळाचा खडा आणि पाणी दिलं, आणि सहज बोलण्यात सांगितलं की माघात भागीचं लग्न ठरलं आहे, मुलगा धरणाच्या पलीकडच्या गावचा आहे, चार खाचरं आहेत. मी विचारलं, एवढ्यात? ती म्हणाली की भागी आता लेकरू सांभाळते हे सगळ्यांना दिसलं, मागणी आपणहून आली.

भागी नाम्याला घेऊन बाहेर आली. म्हणजे त्याचं बोट धरून, कारण तो चालत होता. मी ज्याच्याविषयी फक्त वहीत वाचलं होतं तो आढ्याकडे बघणारा मुलगा माझ्यासमोर धपकन बसला, माझ्या छत्रीची मूठ धरली, तोंडात घातली, आणि माझ्याकडे बघून हसला. इतकं जागं मूल मी पाहिलं नव्हतं. भागीने धावत आत जाऊन वही आणली. शाळा सुटल्यापासून तिने एक दिवस सोडला नव्हता. पेन्सिलने, बारीक अक्षरात, वही लवकर संपू नये म्हणून समासातसुद्धा. आज नामाने माती खाल्ली, थुंकली नाही. आज नामा कुत्र्याला ये म्हणाला. आज आईला बघून पळाला, पडला, रडला नाही, मग आईने बघितल्यावर रडला. मी दोन वर्षं कॉलेजात शिकले, पुढे आजपर्यंत शिकवते आहे, तशी वही मला कुणी लिहून दाखवली नाही. मी तिला तसं सांगितलं. हातावरच्या त्या दोन पट्ट्यांबद्दल माफीही मागितली. ती लाजली, म्हणाली, ते कवाच इसरले म्या.

मग ती माझ्यासमोर बसली, पेन्सिल घेऊन, वर्गात बसायची तशीच. म्हणाली, लहानपणाचं सगळं तक्त्यात होतं, पुढचं राहिलं. नाम्या मोठा झाल्यावर काय काय लागतं ते सांगा. मी सांगितलं. तीन ते सहा, सहा ते बारा. तिने लिहून घेतलं. तिने विचारलं, मग पुढे. मी म्हटलं, पुढे कुमारावस्था, बारा ते अठरा.

"तवा काय लागतं पोराला?"

दिवाळीच्या सुट्टीनंतर हाच धडा मी वर्गात घेणार होते, मला तोंडपाठ होता. या वयात सोबती लागतात, मी म्हटलं. शाळा लागते. थोडा आपला आपला वेळ लागतो. पुढे आपण कोण होणार याची स्वप्नं बघायला लागतात, आणि घरातल्या मोठ्यांची कामं त्या आधीच अंगावर पडू नयेत, हे घराने बघावं लागतं. बोलता बोलता माझा आवाज बारीक होत गेला. मी वाट बघत होते की आता ती वर बघेल. ती लिहीत राहिली. सगळं लिहून झाल्यावर तिने ते एकदा ओठांत वाचलं, आणि नाम्याला ओढून मांडीवर घेतलं.

"म्हंजी बारा वर्साचा झाला की ह्याला साळंतनं काडायचं न्हाई," ती म्हणाली. "आयला सांगून ठिवते. म्या तवा हितं नसंन."